उजवा आधी की डावा आधी

माझा दादा कधी चिडत नाही, असं लोक कौतुकानं सांगतात. मला त्या कौतुकाचीच चीड येते. न चिडणं हा काय गुण झाला? भिंतसुद्धा चिडत नाही. तिला खिळा ठोका, ती गप्प. दादाला लोकांनी आयुष्यभर खिळे ठोकले आणि वर आपापल्या पिशव्या टांगल्या. मी त्याची धाकटी बहीण. दोघांच्या वाटणीचा राग देवानं एकटीलाच दिला, असं आई माझ्याबद्दल म्हणायची, आणि ते खरंच आहे. म्हणून त्याची गोष्ट मी सांगते. तो सांगायला बसला असता तर दुसऱ्याच वाक्याला सगळ्यांना माफ करून मोकळा झाला असता.

दादा कॉम्प्युटरवाला. कानाच्या दवाखान्यात प्रोग्राम लिहायचा. पण त्याची खरी ओळख म्हणजे चिठ्ठ्या. त्याला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीवर चिठ्ठी चिकटवायची खोड. मीठ-साखरेच्या डब्यांवर सगळेच लावतात, पण ह्यानं एका डब्यावर लिहिलं होतं, ‘रिकामा आहे, उघडू नये’. एका पुडीवर ‘पंख्याचे स्क्रू, पंखा आता नाही’. आम्ही घर बदललं तेव्हा सामानाच्या प्रत्येक खोक्यावर त्यानं सहाही बाजूंनी तेच तेच लिहिलं. मी म्हटलं, “अरे शहाण्या, एकदा लिहिलं की पुरे की!” तर म्हणाला, “खोका कोण उचलणार, कसा ठेवणार, आपल्याला काय माहीत? ज्याला जी बाजू दिसेल त्या बाजूला कळलं पाहिजे.” हमालांनी खोके उलटेपालटे रचले, पण एकही खोका चुकीच्या खोलीत गेला नाही. त्या दिवशी आई माझ्याकडे बघून हसली होती.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिनं पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, “मला भीती वाटत होती, माझ्या कपाळावर ‘बायको’ अशी चिठ्ठी लावतात की काय!” दादा लाजला. पण मसाल्याच्या डब्यात तिनं दोन वाट्यांची अदलाबदल केली, तर दुसऱ्या दिवशी वाट्यांवरही चिठ्ठ्या आल्या.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं शिवणकामाचं दुकान आहे. गिऱ्हाईकाची मापं मी ओळीनं लिहिते, नुसते आकडे. खांदा, छाती, कंबर, बाही, उंची. नावं कशाला लिहायची? हातालाच पाठ आहे. दादा दुकानात आला की ती पानं बघून कळवळायचा. “यातलं छत्तीस म्हणजे काय?” म्हणून विचारायचा. “कंबर! चौथी पास पोरगीसुद्धा सांगेल,” मी म्हणायची. “तू सांगशील. तो आकडा स्वतः सांगतो का?” तो म्हणायचा. “उद्या तुझ्या जागी दुसरी कुणी कात्री धरली तर?” मी म्हणायची, “मी मेल्याशिवाय दुसरी कात्री धरत नाही, आणि मेल्यावर तुमचे कोट कसे का होईनात!”

आणि मग मी एक मदतनीस ठेवली. बाई हुशार, हात सफाईदार, पण जिथे शिकली होती तिथे कंबर आधी आणि छाती नंतर लिहायची रीत. मी एका लग्नघरी निघताना एका शिक्षकाच्या कोटाचं कापड तिच्याकडे सोपवून गेले. परत आले तर कोट तयार! छातीला आवळलेला आणि पोटाकडे ऐसपैस. शिक्षक आरशासमोर उभे राहिले आणि घंटेसारखे दिसायला लागले. मदतनीस रडकुंडीला आली. तिची चूक नव्हती आणि माझीही नव्हती, आकडे सगळे बरोबरच होते. दादा नेमका तेव्हाच दुकानात टपकला. एक अक्षर बोलला नाही हो! फक्त दुसऱ्या दिवशी ‘छाती’, ‘कंबर’ असे रकाने छापलेली पानं आणून ठेवली. कोटाचं कापड मी भरून दिलं आणि ती पानं वापरायला लागले.

तर हा असा माणूस. आणि ही माझी लेक, सहा वर्षांची. खिशात, फ्रॉकच्या घेरात, गालात, जिथे जागा मिळेल तिथे बटणं न् गोळ्या साठवते, म्हणून दादानं तिचं नाव खारूताई ठेवलंय. खारूताईला जन्मापासून कमी ऐकू येतं. डावा कान जवळजवळ गेल्यातच जमा. उजवा मात्र बराचसा चांगला. त्या उजव्या कानावर तिचं सगळं आयुष्य उभं. त्या कानानं ती बोलायला शिकली, गाणी शिकली, उलट उत्तरंही शिकली. डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “डाव्याला श्रवणयंत्राचा जोर लागेल. उजव्याला अगदी हलका आधार पुरे. पण उजव्याला जपा.” आम्ही तो कान डोळ्यांत तेल घालून जपत होतो. दिवाळखोर माणूस शेवटचा दागिना जपतो तसा.

दादा आमच्याकडे यायचा तेव्हा जिन्यातूनच शिट्टी वाजवायचा. बारीक, उंच, दोन सुरांची. खारूताई असेल तिथून उधळायची. हातातलं टाकून, अर्धं खाल्लेलं टाकून. “मामा आला!” तिचे बाबा मालाचा ट्रक चालवतात, आठ-आठ दिवस बाहेर असतात. तेही म्हणायचे, “मी हॉर्न वाजवत आलो तरी ही ढिम्म, आणि मामाच्या शिट्टीला दारात!” त्यांना थोडा हेवाच वाटायचा.

आता दवाखाना. तिथे दोन खोल्या महत्त्वाच्या. एका खोलीत तपासणीवाल्या बाई कानाला हेडफोन लावून मुलाला आवाज ऐकवतात, कुठल्या पट्टीतला आवाज किती मोठा केल्यावर ऐकू आला ते यंत्रात नोंदवलं जातं. शेजारच्या खोलीत यंत्र बसवणारे एक गृहस्थ. ते त्या आकड्यांवरून कानातल्या यंत्राचा आवाज बेततात. डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा. पूर्वी बाई कागदावर आलेख काढून तो हातानं शेजारी नेऊन द्यायच्या. उजवा कान लाल गोलांनी, डावा निळ्या फुल्यांनी. कागद उलटा धरला तरी चूक होणार नाही. मग मोठ्या डॉक्टरांना वाटलं, हे फार जुनाट झालं. एका यंत्रातून आकडे थेट दुसऱ्या यंत्रात गेले पाहिजेत. ते कसे जावेत, हे ठरवायला बैठक बसली.

त्या बैठकीत मी नव्हते. असते तर ही गोष्टच घडली नसती. तिथलं बोलणं मला नंतर कळलं, तपासणीवाल्या बाईंकडून.

दादानं मांडलं ते असं. आकडे साध्या मजकुरात लिहावेत, कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुणालाही उघडून वाचता येतील असे. आणि प्रत्येक आकड्याबरोबर त्याचं नाव जावं. ‘कान: उजवा. पट्टी: अमुक. आवाज: तमुक.’ आज हे यंत्र आहे, उद्या दुसरं येईल. कंपन्या बुडतात, माणसं बदलतात. समोरच्याला आधीपासून काही माहीत आहे असं धरून चालू नये. बस, एवढंच. त्याची तीच खोक्यांची गोष्ट.

यंत्रांच्या कंपनीचा माणूस हसला म्हणे. गळ्यात टाय, हातात लेझरची कांडी. “साहेब, हे बालवाडीचं झालं. प्रत्येक आकड्याला नाव? फाइल दहापट फुगेल. आमची यंत्रं आपसात आमच्या पद्धतीनं बोलतात. ठरलेल्या जागी ठरलेला आकडा. सुटसुटीत, झटपट.” दादानं विचारलं, “मग कुठल्या जागी काय, ते लिहून द्याल का?” तो म्हणाला, “ते आमचं गोपनीय आहे. तुम्हाला त्यात डोकं घालायची गरजच नाही.”

दादानं त्यांची एक फाइल पडद्यावर उघडून दाखवली. नुसते चौकोन न् प्रश्नचिन्हं. “यात चूक झाली तर दिसणार कशी?” त्यानं विचारलं. मोठे डॉक्टर घड्याळ बघत होते. “चूक होतेच कशाला?” म्हणाले. झालं. गाढवापुढे वाचली गीता. ठराव लिहिला, ‘सर्वांच्या संमतीने’. खाली सह्या. दादानंही केली.

सही केली! त्या रात्री मी दादाकडे जेवायला होते, तिथे हे कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तुला पटलं नव्हतं ना? मग पेन हातात धरलंसच कशाला?” दादा भात कालवत बसला. “मी माझं म्हणणं मांडलं. त्यांनी नाही ऐकलं.” मी म्हटलं, “मांडलं! मांडायला ती काय रांगोळी आहे? टेबलावर मूठ आपटायची होती!” तो म्हणाला, “मूठ आपटून कुणाला पटतं का?” वहिनी मध्ये पडली, “वन्सं, जाऊ द्या हो, दमलेत ते.” मी जाऊ दिलं नाही. त्या दिवशीचा राग माझ्या मनात आजही जसाच्या तसा आहे, आणि तो दादावर आहे.

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. जुनं यंत्र उजवा कान आधी लिहायचं, बसवणाऱ्यांचा प्रोग्राम उजवा आधी वाचायचा. मग तपासणीच्या खोलीत नवं यंत्र आलं. निळं, चकचकीत, त्याच कंपनीचं. कानामागून आलं आणि तिखट झालं! सगळी मुलं त्याच्यावरच तपासायची म्हणे. दादानं दोनदा लेखी विचारलं, “या नव्या यंत्राची रचना जुन्यासारखीच आहे का?” कंपनीकडून उत्तर आलं, ‘पूर्णपणे सुसंगत.’ दादानं ते वाचलं आणि मूग गिळून बसला.

खारूताईला त्याच सुमारास कानातली नवी यंत्रं द्यायची होती. जुनी लहान पडायला लागली होती. निळ्या यंत्रावर तिची तपासणी झाली, शेजारच्या खोलीत नवी यंत्रं बसली. लाल ठिपक्याचं उजव्या कानात, निळ्या ठिपक्याचं डाव्यात. मी स्वतः बघितलं, ठिपके बरोबर होते. बसवणाऱ्यांनी पडद्यावर आलेख बघितला, मान डोलावली, आणि आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर शेजारणीनं दार आपटलं तर खारूताई टुणकन उडाली. आम्हाला काय आनंद! “अगं बाई, दाराचा आवाज ऐकला हिनं!” कुकरच्या शिट्टीला दचकली, बाबांच्या शिंकेला दचकली. जो तो कौतुक करायला लागला. पण पोरगी हसेना. उजव्या कानातलं यंत्र सारखं काढून खिशात टाकायची. मी दवाखान्यात फोन केला. “नवीन आहे, सवय होईल. काढू देऊ नका,” असं उत्तर मिळालं. पुन्हा केला, पुन्हा तेच. सवय होईल! चपला लागल्या तरी आपण दुकानदाराला म्हणतो, चावतात हो. आणि इथे पोर रडून सांगतंय तर म्हणे सवय होईल. माझ्याच हातानं त्यांनी ते यंत्र तिच्या कानात परत परत घालायला लावलं.

दादा महिनाभर कुठल्याशा प्रशिक्षणाला परगावी गेला होता, तो परतला. जिन्यातून शिट्टी आली. खारूताई उठली, पण धावली नाही. दोन्ही हातांनी उजवा कान दाबून उभी राहिली.

“काय झालं गं?” दादानं विचारलं.

“मामा, शिट्टी टोचते.”

दादानं तिला मांडीवर घेतलं. दोन्ही यंत्रं काढली. उजव्या कानाशी कुजबुजला, “खिशात काय लपवलंयस?” ती म्हणाली, “बटण.” यंत्राशिवाय ऐकलं तिनं. मग दादानं लाल ठिपक्याचं यंत्र स्वतःच्या कानाला लावलं आणि मला म्हणाला, “टाळी वाजव.” मी वाजवली. तो असा काही मागे झाला की खुर्ची भिंतीवर आपटली. निळ्या ठिपक्याचं लावलं, पुन्हा टाळी. त्याला जेमतेम ऐकू आलं.

“कुठल्या यंत्रावर तपासलं हिला?”

“त्या निळ्या. नव्या.”

दादाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “नवं यंत्र डावा आधी लिहितंय,” तो हळूच म्हणाला. डाव्या कानाचा सगळा जोर तिच्या उजव्या कानात चालला होता. आणि ज्या आलेखाकडे बघून त्या गृहस्थांनी मान डोलावली, तो आलेखही त्याच अदलाबदल झालेल्या आकड्यांवरून काढलेला. मग दिसणार काय, कप्पाळ!

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दारात. तपासणीवाल्या बाईंनी खारूताईला जुन्या यंत्रावर बसवलं आणि मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. ते म्हणाले, “बाई, आवाज खाली. हा दवाखाना आहे.” मी म्हटलं, “कानाचा दवाखाना आहे! इथे मोठ्यानंच बोलावं लागतं!” दादा माझ्या मागे उभा होता, नेहमीसारखा खाली बघत.

कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो फोनवर निवांत. “हो, या मॉडेलमध्ये डावा आधी येतो. आमच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय.”

“ते माहितीपत्रक मी मागितलं होतं,” दादा म्हणाला.

“ते गोपनीय आहे,” तो म्हणाला. आणि त्याला हसूसुद्धा आलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी फोन ठेवला आणि हात जोडल्यासारखे केले. “हे बघा, झालं ते वाईट झालं. तुमच्या मुलीचं आत्ता नीट करून देतो. बाकीच्यांचं गाजवायचं नाही. मुलं पुढच्या तपासणीला येतील तेव्हा एकेकाचं गुपचूप दुरुस्त करू. उगाच घबराट कशाला?”

“पुढची तपासणी कधी?” दादानं विचारलं.

“नेहमीप्रमाणे. तीन महिन्यांनी.”

“तीन महिने ती पोरं हे कानात घालणार?”

“तुम्ही शांत राहा. त्या ठरावावर तुमचीही सही आहे, विसरू नका.”

मी दादाकडे बघितलं. आता हा पुन्हा मान खाली घालणार, असंच मला वाटलं, आणि मी त्याला दोन शब्द सुनवायला तोंड उघडलं. पण दादाचा चेहरा लालबुंद झाला होता. मी जन्मात पहिल्यांदा तो तसा बघितला.

“आहे माझी सही,” तो म्हणाला. “म्हणूनच मी सांगणार. आत्ता. सगळ्यांना.”

तो बाहेर पडला आणि बाहेरच्या हॉलमध्ये उभा राहून ओरडला. माझा दादा ओरडला! घसा फाटेपर्यंत. “निळ्या यंत्रावर ज्यांची तपासणी झाली त्यांनी कानातली यंत्रं काढा!” चार-पाच जणांनी वळून बघितलं. बाकीचे तसेच बसून. त्यांना ऐकूच गेलं नाही. एक आजोबा त्याच्याकडे बघून गोड हसले. तो क्षण आठवला की मला अजून हसू येतं आणि त्याच वेळी रडूही येतं.

दादानं मग यंत्रांच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडले, जाड पेन घेतलं आणि लिहायला बसला. ‘नव्या निळ्या यंत्रावर तपासलेल्या मुलांच्या कानांतली यंत्रं ताबडतोब काढा. उजव्या-डाव्याची अदलाबदल झाली आहे. चूक दवाखान्याची आहे.’ खाली स्वतःचं नाव आणि हुद्दा. असा एक पुठ्ठा आत येणाऱ्या दारावर, एक बाहेर जाणाऱ्या दारावर, एक खिडकीच्या काचेवर, एक पाण्याच्या पिंपावर, एक चक्क मोठ्या डॉक्टरांच्या दाराला. ज्याला जी बाजू दिसेल त्या बाजूला कळलं पाहिजे. आया पोरांच्या कानांतून यंत्रं काढायला लागल्या. एक बाप उठून काउंटरवर गेला आणि त्यानं जो आवाज लावला, त्याच्यापुढे मी म्हणजे गरीब गाय.

मग दादा फोन घेऊन बसला. जी मुलं त्या दिवशी आली नव्हती त्यांच्या घरी एकेक करून कळवत सुटला. दुसऱ्या फोनवर तपासणीवाल्या बाई, न सांगता येऊन बसलेल्या. मोठे डॉक्टर बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “उद्यापासून तुम्ही यायचं नाही.”

“आज आहे ना मी?” दादा म्हणाला आणि त्यानं पुढचा नंबर फिरवला.

नोकरी गेली. वहिनी शहाणी. त्या दिवशी तिनं दाराला चिठ्ठी लावली, ‘इथे एक चिडलेला माणूस राहतो, जपून’. दादाला आता एका छोट्या छापखान्यात काम मिळालंय.

आणि दवाखान्याचं विचाराल तर पुढे त्यांनी साधा मजकूर निवडला. प्रत्येक आकड्यासमोर त्याचं नाव. कुणालाही उघडून वाचता येईल असा. कंपनीच्या त्याच टायवाल्यानं बैठकीत येऊन सांगितलं म्हणे, “आम्ही पहिल्यापासून खुल्या पद्धतीच्या बाजूनं.” वरातीमागून घोडं, आणि त्यावर हाच नवरदेव! टाळ्याही वाजल्या. मला तपासणीवाल्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा हातातली कात्री मी टेबलावर अशी आपटली की टोक मोडलं. दादा शेजारीच बसला होता. “झालं ना पण शेवटी?” म्हणाला. “काय झालं?” मी किंचाळले. “तुझं नाव कुठे आहे त्यात? जगातल्या रिकाम्या डब्यांना नावं देतोस, आणि स्वतःच्या कामावर तुझी चिठ्ठी नाही?” तो म्हणाला, “मुलांचं झालं ना नीट.” परत भिंत.

मुलांचं झालं नीट. बहुतेकांचं. काहींना यंत्र देऊन दोनच दिवस झाले होते, काहींनी ते घातलंच नव्हतं. खारूताईची तपासणी पुन्हा पुन्हा झाली. डॉक्टरांनी, आता दुसऱ्या दवाखान्यातल्या, आलेख समोर धरला. लाल गोलांची रेघ शेवटाकडे खाली घसरलेली. “बोलणं ऐकू येईल तिला,” त्या म्हणाल्या. “शाळेत अडचण नाही. फक्त वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेलेत. ते परत येण्यातले नाहीत.” मी विचारलं, “म्हणजे कुठले?” त्या म्हणाल्या, “पाखरं वगैरे.” मी स्वतःला समजावलं, पाखरं तर पाखरं. पाखरांवाचून कुणाचं अडलंय!

परवा संध्याकाळी मी मशीनवर बसले होते. खारूताई माझ्याकडे पाठ करून जमिनीवर बटणं ओवत होती. जिन्यातून शिट्टी आली. बारीक, उंच, दोन सुरांची. ती बटणं ओवत राहिली. शिट्टी वर चढत आली. दादा दारात येऊन उभा राहिला, वाजवतच. तिच्या पाठीकडे बघत पुन्हा वाजवली. पुन्हा. ओठांचा चंबू तसाच.

“बंद कर ती शिट्टी!” मी ओरडले. माझा आवाज जाडाभरडा, सगळ्यांना पोचतो. खारूताईनं वळून आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. बटणं तिथेच टाकून धावली आणि मामाच्या पायांना मिठी मारली.

“मामा,” मान वर करून ती म्हणाली, “तू हल्ली शिट्टी का नाही रे वाजवत?”